‘ते लाव’ म्हटल्यावर नेमकं काय लावायचं?

आई ओट्याशी उभी असते, हात कणकेने माखलेले असतात, आणि मान न वळवता ती म्हणते, “अरे, ते लाव रे जरा.” आपण बघतो. समोर समई असेल तर ती पेटवायची. कुकर असेल तर गॅसवर चढवायचा. दार सताड उघडं असेल तर ओढून घ्यायचं. हातात मोबाईल असेल तर मावशीला फोन करायचा. मराठीत दिवा लावतात, झाड लावतात, गंध लावतात, गाणं लावतात आणि वेळ पडली तर वशिलासुद्धा लावतात. क्रियापद एकच, पण करायची कृती दर वेळी वेगळी. तरी कुणी गोंधळून कुकरला काडी लावत नाही.

आता दोन वाक्यं शेजारी ठेवू. ‘दिवा लाव’ आणि ‘ते लाव’. पहिल्यात काय करायचं ते वाक्य वाचतानाच ठरलं. ही चिठ्ठी फ्रिजवर चिकटवून ठेवली तरी अर्थ बदलणार नाही. दुसऱ्या वाक्याचा अर्थ मात्र चिठ्ठी लिहिताना ठरतच नाही. चिठ्ठी वाचणाऱ्याच्या समोर त्या घटकेला जी वस्तू असेल तीच अर्थ ठरवते. ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगमध्ये रनटाइम पॉलिमॉर्फिझम म्हणतात ते हेच ‘ते लाव’. प्रोग्रॅम लिहिताना, किंवा कंपायलर तो यंत्रभाषेत उतरवताना, कुठलं काम होणार हे ठाऊक नसतं. प्रोग्रॅम चालू असताना, हाक मारायच्या क्षणी ते ठरतं.

या पॉलिमॉर्फिझमला मराठीत बहुरूपता म्हणायची पद्धत आहे. मला तो शब्द जरा फसवा वाटतो. बहुरूपी म्हटलं की आपल्याला खाकी कपडे चढवून, हातात कागद नाचवत दारात उभा राहणारा आणि ‘तुमच्या नावाचं वॉरंट आहे’ म्हणून घाबरवणारा कलावंत आठवतो. एक माणूस, अनेक सोंगं. इथे नेमकं उलटं आहे. प्रोग्रॅममधला प्रत्येक ऑब्जेक्ट, म्हणजे वस्तू, जन्मभर एकाच रूपात असतो. ट्रक म्हणून जन्मला तो ट्रक म्हणूनच मरतो. (याला एक गमतीदार अपवाद आहे, तो पुढे येईलच.) अनेक रूपं असतात ती त्याला मारलेल्या हाकेला.

ट्रकचं उदाहरण उगाच घेतलं नाही. आपल्याकडच्या पुस्तकांत हा विषय ‘अ‍ॅनिमल’ नावाच्या क्लासने सुरू होतो. मग कुत्रा भुंकतो, मांजर म्याव करतं, आणि विद्यार्थ्याला शेवटपर्यंत कळत नाही की कॉम्प्युटरला भुंकायला का लावायचं. या कल्पनेचं मूळ उदाहरण त्याहून कितीतरी व्यवहारी होतं. तो होता एक टोलनाका.

१९६० च्या दशकात ओस्लोच्या नॉर्वेजियन कम्प्युटिंग सेंटरमध्ये क्रिस्टन न्युगोर आणि ओले-योहान दाल हे दोघे सिम्युला नावाची भाषा घडवत होते. नावातच तिचं काम आहे. बंदरातल्या बोटी, कारखान्यातले सुटे भाग, खिडकीपुढची रांग यांची नक्कल कॉम्प्युटरवर चालवून बघायची, म्हणजे प्रत्यक्षात गर्दी कुठे तुंबेल ते आधी कळेल. १९६६-६७ च्या हिवाळ्यात ते एका पुलावरच्या टोलनाक्याचा विचार करत होते. रांगेत ट्रकही आहेत आणि बसही आहेत. दोघांच्या नोंदी वेगळ्या, कारण ट्रकला माल असतो आणि बसला प्रवासी. पण रांग एकच आहे. वेगवेगळ्या साच्यांच्या वस्तू एकाच माळेत कशा ओवायच्या?

त्यांनी काढलेला तोडगा आज इतका सरावाचा झाला आहे की त्यातली चलाखी डोळ्यांत भरत नाही. सगळ्यांना समाईक असलेला भाग आधी ठेवायचा आणि प्रत्येकाचा खास भाग त्याच्या मागे जोडायचा. रांगेला फक्त पुढचा समाईक भाग दिसतो, मागे माल आहे की माणसं याच्याशी तिला घेणंदेणं नाही. यातून क्लास (म्हणजे साचा) आणि त्याचा उपक्लास जन्माला आला, म्हणजे आज ज्याला आपण इन्हेरिटन्स म्हणतो ते. सिम्युला ६७ या भाषेत ‘व्हर्च्युअल’ हा शब्दही होता: समाईक भागात कामाचं फक्त नाव सांगायचं, आणि ते काम करायचं कसं हे मागच्या भागाने आपापल्या परीने ठरवायचं. दोघांना २००१ चं ट्युरिंग पारितोषिक मिळालं, आणि २००२ च्या उन्हाळ्यात दोघेही काही आठवड्यांच्या अंतराने गेले.

‘आधी समाईक, मागून खास’ ही मांडणी लक्षात ठेवा. पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

आता हा नाका आपण आपल्या रस्त्यावर आणू. समजा, रांगेतल्या प्रत्येक वाहनाकडून टोल घ्यायचा आहे. साधा प्रोग्रॅमर लिहील: वाहन कार असेल तर इतके, बस असेल तर तितके, ट्रक असेल तर ट्रकच्या आसांची संख्या बघून अमुक. ही ‘असेल तर’ची शिडी सुरुवातीला सुटसुटीत दिसते. पण मग टोलप्रमाणेच वजन तपासायचं येतं, तिथे तीच शिडी. पावती छापायची येते, तिथे पुन्हा तीच. अशा वीस शिड्या झाल्यावर साहेब सांगतात, आता क्रेनसुद्धा याच रस्त्याने जाणार. वीस ठिकाणी नवी पायरी जोडायची. एकोणीस ठिकाणी जोडली जाते, विसावी राहते, आणि ती कुठली राहिली हे नाक्यावर पहिली क्रेन येऊन थांबते तेव्हा कळतं. सॉफ्टवेअरच्या धंद्यात असलेल्या प्रत्येकाने ही विसावी पायरी कधी ना कधी शोधलेली आहे, बहुतेक वेळा रात्री अकरा वाजता.

दुसरा मार्ग असा: ‘वाहन’ नावाचा क्लास करायचा, त्यात ‘टोल’ नावाची व्हर्च्युअल मेथड (म्हणजे काम) ठेवायची, आणि कार, बस, ट्रक यांनी आपापला टोल स्वतः काढायचा. यालाच ओव्हररायडिंग म्हणतात. नाक्याचा कोड मग एका ओळीचा राहतो: रांगेतल्या प्रत्येकाला म्हणायचं, वाहन.टोल(). क्रेन आली तर क्रेनचा क्लास लिहायचा. नाक्याच्या कोडला हात लावायचा नाही. एवढंच काय, तो पुन्हा कंपाइलसुद्धा करायची गरज नाही. जरा थांबून बघितलं तर हे विलक्षण आहे. नाक्याचा कोड समजा २०१५ मध्ये लिहिला, क्रेनचा कोड २०२५ मध्ये. दहा वर्षांपूर्वीच्या कोडने हाक मारली ती तेव्हा अस्तित्वातच नसलेल्या कोडला, आणि ती बरोबर पोचली. नव्या कोडने जुन्याला हाक मारणं रोजचं आहे, त्यासाठी फक्त लायब्ररी लागते. जुन्याने नव्याला हाक मारायची तर काहीतरी यंत्रणा हवी.

ती यंत्रणा सी++ मध्ये सगळ्यात उघडपणे दिसते. सी++ चा कर्ता ब्यार्न स्ट्राउस्ट्रुप हा मूळचा डेन्मार्कमधल्या ऑर्‌हूसचा. तिथल्या विद्यापीठात न्युगोर येत-जात असत, त्यांच्याकडून ऑब्जेक्टची कल्पना त्याने थेट ऐकली. पुढे केंब्रिजला पीएचडी करताना त्याने आपला सिम्युलेटर सिम्युलात लिहिला. लिहायला सुख झालं, पण चालवायला तो इतका संथ की शेवटी बीसीपीएल नावाच्या अगदी खालच्या पातळीच्या भाषेत पुन्हा लिहावा लागला. त्या अनुभवाचा चटका घेऊन १९७९ मध्ये तो अमेरिकेत बेल लॅब्जला गेला आणि सी भाषेला क्लास जोडायला बसला. व्हर्च्युअल मेथड त्यात १९८३ मध्ये आल्या, पण एका अटीवर: ज्याला ही सोय नको त्याला तिचा एक पैसाही खर्च पडता कामा नये, आणि ज्याला हवी त्याला ती स्वस्तात मिळावी.

स्वस्तातली युक्ती अशी. कंपायलर प्रत्येक क्लाससाठी एक तक्ता बनवतो. त्याला व्हीटेबल म्हणतात. तक्त्यात त्या क्लासच्या व्हर्च्युअल मेथडचे पत्ते ओळीने लिहिलेले असतात, म्हणजे त्या मेथडचा यंत्रभाषेतला कोड मेमरीत कुठे आहे ते. ‘वाहन’च्या तक्त्यात समजा पहिला पत्ता टोलचा आणि दुसरा पावतीचा. ‘ट्रक’च्या तक्त्यातही पहिल्या जागी टोल आणि दुसऱ्या जागी पावतीच असणार, फक्त तिथले पत्ते ट्रकच्या कोडचे. ट्रकची स्वतःची एखादी जादा मेथड असेल, माल मोजण्याची वगैरे, तर ती तिसऱ्या जागी, म्हणजे शेवटी जोडली जाते. आधी समाईक, मागून खास! ओस्लोची मांडणी इथे शब्दशः उतरली आहे. त्यामुळे समोर कुठलंही वाहन असो, टोल पहिल्या जागी सापडणार याची कंपायलरला खात्री असते. कोणता टोल हे त्याला ठाऊक नसतं, पण तो कुठे बघायचा हे पक्कं ठाऊक असतं.

तक्ता क्लासमागे एक, ऑब्जेक्टमागे नाही. दहा लाख ट्रक असले तरी ट्रकचा तक्ता एकच. मग एखाद्या ट्रकला आपला तक्ता कुठे आहे हे कसं कळतं? प्रत्येक ऑब्जेक्टच्या पोटात, बहुधा अगदी सुरुवातीला, कंपायलर गुपचूप एक पॉइंटर ठेवतो. त्यात तक्त्याचा पत्ता असतो. टोल कापणारं यंत्र काचेवरचा फास्टॅग वाचतं आणि वाहन कुठल्या वर्गातलं हे त्याला टॅगवरून कळतं, तसा हा लपलेला टॅग. तो खरंच आहे का याची खात्री करायची असेल तर सोपा प्रयोग आहे. सी++ मध्ये एकच पूर्णांक असलेला क्लास लिहा आणि त्याचा आकार छापा, ४ बाइट येतील. त्यात एक व्हर्च्युअल मेथड घाला आणि पुन्हा छापा. नेहमीच्या ६४ बिटी यंत्रावर आकार १६ बाइट होतो. आठ बाइट त्या छुप्या पॉइंटरचे, चार पूर्णांकाचे आणि उरलेले चार नुसतीच भरती, रांग सरळ राहावी म्हणून.

आता वाहन.टोल() या हाकेचा प्रवास बघा. प्रोसेसर ऑब्जेक्टपाशी जातो, त्याच्या सुरुवातीचा पॉइंटर उचलतो. त्या पॉइंटरने दाखवलेल्या तक्त्यापाशी जातो, पहिल्या जागेवरचा पत्ता वाचतो. त्या पत्त्यावर उडी मारतो. झालं. इंटेल किंवा एएमडीच्या प्रोसेसरवर हे सगळं बहुधा दोन आज्ञांत आटपतं. वाहनांचे तीन प्रकार असोत की तीनशे, वेळ तेवढाच. ‘असेल तर’ची शिडी प्रकारांबरोबर लांबत जाते, तक्त्याला त्याचं सोयरसुतक नसतं.

इथे तोंडी परीक्षेची आठवण निघते. ‘ओव्हरलोडिंग म्हणजे कंपाइल टाइम, ओव्हररायडिंग म्हणजे रनटाइम’ हे वाक्य मी परीक्षकांसमोर एका दमात म्हटलं होतं आणि पूर्ण गुण मिळवले होते. अर्थ कळला तो नोकरी लागल्यावर, एका बगमागे अख्खा दिवस घालवल्यावर. पावतीछापा नावाच्या दोन मेथड होत्या, एक वाहन घेणारी, दुसरी ट्रक घेणारी. माझ्या हातात खरोखरचा ट्रक होता, पण ज्या व्हेरिएबलमध्ये तो होता त्याच्यावर पाटी ‘वाहन’ अशी होती. दर वेळी वाहनवाली मेथड चालायची. कारण ओव्हरलोडिंगमध्ये, म्हणजे सारख्या नावाच्या दोन मेथडींतून निवड करताना, कंपायलर पाटी वाचतो, डबा उघडून बघत नाही. ते ‘दिवा लाव’ आहे, वाक्यातच ठरलेलं. ठिपक्याच्या डावीकडे जो ऑब्जेक्ट असतो त्याच्याच बाबतीत डबा उघडला जातो, कंसात दिलेल्यांच्या बाबतीत नाही. जावा, सी++ आणि बऱ्याच प्रचलित भाषांचा हा नियम, आणि तो सांगणारं वाक्य मला तोंडपाठ होतं.

मघाशी म्हटलेला अपवाद आता सांगतो. सी++ मध्ये ट्रक तयार होताना आधी त्याच्यातला ‘वाहन’ हा भाग उभा राहतो, मग ट्रकचा. पहिला भाग उभा राहत असताना छुपा पॉइंटर वाहनाच्या तक्त्याकडे बोट दाखवत असतो. तो भाग पुरा झाला की पॉइंटर बदलतो आणि ट्रकच्या तक्त्याकडे वळतो. म्हणजे जन्माच्या त्या क्षणभरात ट्रक खरोखर ट्रक नसतो, नुसतं वाहन असतो. त्या अवस्थेत कुणी टोल() अशी हाक मारली तर वाहनाचं उत्तर मिळतं. मोडीत निघताना हाच प्रवास उलटा होतो. जावाने वेगळा निर्णय घेतला. तिथे ऑब्जेक्ट पहिल्या क्षणापासून ट्रकच असतो, त्यामुळे हाकेला ट्रकच उत्तर देतो, पण त्याच्या आतल्या नोंदी तेव्हा अजून भरलेल्या नसतात. आसांची संख्या शून्य, मालाची नोंद रिकामी. सी++ अपुऱ्या ट्रकला ट्रक म्हणत नाही. जावा म्हणतो आणि मग त्याला शून्य आसांचा टोल काढायला लावतो. दोन्हींत मला सी++ चं वागणं जास्त प्रामाणिक वाटतं, पण कन्स्ट्रक्टरमध्ये, म्हणजे ऑब्जेक्ट उभा करणाऱ्या कोडमध्ये, व्हर्च्युअल हाक मारूच नये हा सल्ला दोन्हीकडच्या जुन्याजाणत्यांचा सारखाच आहे.

खर्चाचं काय? तक्ता वाचायचा खर्च किरकोळ आहे, तो प्रोसेसरजवळच्या कॅशमध्ये असेल तर प्रोसेसरची हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी चक्रं. खरा तोटा दुसराच. कुठली मेथड चालणार हे आधी माहीत असतं तेव्हा कंपायलर लहानशा मेथडचा कोड हाकेच्या जागीच चिकटवून टाकतो, आणि मग आजूबाजूच्या कोडसकट त्याची छाटणी करतो. ‘ते लाव’मध्ये त्याला हे करता येत नाही, कारण ‘ते’ काय हे कळलेलंच नाही. प्रोसेसरही अंदाजावर चालतो: मागच्या वेळी इथून ट्रककडे उडी मारली, तर या वेळीही ट्रकच असेल म्हणून पुढचं काम सुरू करून ठेवतो. रांगेत ओळीने ट्रकच असतील तर अंदाज बरोबर येतो. ट्रक, कार, बस, पुन्हा कार अशी सरमिसळ असेल तर चुकतो आणि केलेलं काम फेकून द्यावं लागतं. २०१८ च्या सुरुवातीला स्पेक्टर नावाच्या प्रोसेसरमधल्या सुरक्षा-त्रुटींनी जी खळबळ उडाली तिच्यातला एक प्रकार या उड्यांच्या अंदाजाचाच गैरफायदा घेणारा होता.

व्हीटेबल हा एकच मार्ग आहे असं मात्र नाही. अ‍ॅलन के यांच्या कल्पनेतून झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात १९७० च्या दशकात घडलेली स्मॉलटॉक ही भाषा आधी जागा ठरवून ठेवत नाही. तिथे ऑब्जेक्टला निरोप पाठवायचा. त्याच्या क्लासच्या शब्दकोशात त्या नावाची मेथड शोधली जाते, नसेल तर वरच्या क्लासमध्ये, तिथेही नसेल तर आणखी वर. शेवटपर्यंत सापडली नाही तर ऑब्जेक्टलाच कळवलं जातं की ‘हे तुला समजलेलं नाही’. लवचीकपणा भरपूर, पण दर हाकेला शब्दकोश चाळायचा. यावर पीटर डॉइच आणि अ‍ॅलन शिफमन यांनी १९८४ मध्ये तोडगा मांडला: मागच्या वेळी काय सापडलं ते हाकेच्या जागेवरच टिपून ठेवायचं. त्याच क्लासचा ऑब्जेक्ट पुन्हा आला तर शोध घ्यायचाच नाही. प्रोग्रॅममधल्या बहुतेक हाका प्रत्यक्षात पुन्हा पुन्हा त्याच क्लासला जातात, म्हणून हे चालतं. सेल्फ नावाच्या भाषेच्या मंडळींनी १९९१ मध्ये तिथे एकाऐवजी चार-दोन क्लास टिपायची सोय केली, आणि त्या गोतावळ्यातली माणसं पुढे जावाचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या हॉटस्पॉटमध्ये आणि क्रोम ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या व्ही८ मध्ये दिसतात.

हॉटस्पॉटची एक खोड मला फार आवडते. प्रोग्रॅममध्ये आत्तापर्यंत ‘वाहन’चा एकच उपक्लास आलेला असेल तर तो सरळ धरून चालतो की सगळी वाहनं ट्रकच आहेत, आणि तक्ता वगैरे बाजूला ठेवून ट्रकचा कोड जागच्या जागी चिकटवतो. मग तीन तासांनी पहिली बस आली की आधी तयार केलेला तेवढा कोड रद्द करतो आणि पुन्हा नीट मांडतो, चालता प्रोग्रॅम बंद न करता.

या सगळ्याला ऑब्जेक्ट ओरिएंटेड भाषाच लागते असंही नाही. लिनक्सचा कर्नल मुख्यतः सीमध्ये लिहिलेला आहे, सीमध्ये क्लास नाहीत. तरी आपण ‘वाच’ अशी एकच हाक मारतो आणि समोर हार्ड डिस्कवरची फाइल असो, कीबोर्ड असो की दोन प्रोग्रॅममधला पाइप, प्रत्येक जण आपल्या पद्धतीने वाचून देतो. कर्नलमध्ये प्रत्येक प्रकारासाठी फंक्शनच्या पत्त्यांचा एक तक्ता असतो, वाचायचं कसं, लिहायचं कसं, बंद करायचं कसं, आणि उघडलेली फाइल त्या तक्त्याकडे बोट दाखवते. हा हाताने लिहिलेला व्हीटेबलच.

यंत्रणेला एक गोष्ट तपासता येत नाही. पहिल्या जागी टोलचा पत्ता आहे एवढीच हमी तक्ता देतो, त्या पत्त्यावर बसलेला कोड टोल देण्यासारखा वागेल याची नाही. संगणकशास्त्रज्ञ बार्बरा लिस्कोव्ह यांनी १९८७ मध्ये एका भाषणात यावर बोट ठेवलं: उपक्लासचा ऑब्जेक्ट मूळ क्लासच्या जागी उभा केला तर हाक मारणाऱ्याला फरक जाणवता कामा नये. समजा नाक्यावर रुग्णवाहिकेचा क्लास जोडायचा आहे. तिला टोल माफ. एक प्रोग्रॅमर टोल() मध्ये शून्य परत करतो. नाक्याचा कोड शून्याची बेरीज करतो, फाटक वर जातं. दुसरा प्रोग्रॅमर जास्त काटेकोर असतो. रुग्णवाहिकेला टोलच लागू नाही, मग तो विचारणं हीच चूक, असं ठरवून तो तिथे एरर फेकतो. कंपायलर दोघांचंही मुकाट्याने मान्य करतो. दोघांच्याही तक्त्यात पहिली जागा भरलेली आहे. आणि दुसऱ्याच्या नाक्यावर फाटक खालीच राहतं, आत रुग्ण, मागे रांग.